खग्रास ग्रहणासाठी मागवलेला बनावट सोलर फिल्टर

८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आमच्या डॅलसवरूनच जाणार होता. १००-४०० मिमी लेन्ससाठी मी फेब्रुवारीतच एका मोठ्या शॉपिंग साइटवरच्या विक्रेत्याकडून ७७ मिमीचा सोलर फिल्टर मागवला. वर्णनात स्पष्ट लिहिलं होतं, एनडी १,००,०००, म्हणजे प्रकाशाचा एक लाखावा भागच आत सोडणारा. किंमत ८४ डॉलर, म्हणजे स्वस्त म्हणून संशय यावा अशीही नव्हती.

डिलिव्हरी पुढे पुढे ढकलत शेवटी शनिवारी, ६ एप्रिलला खोका हातात पडला. होलोग्रामचं स्टिकर, फोमची डबी, रिंगवर कोरलेला आकडा, सगळं झकास. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘आयएसओ १२३१२-२’. हे मानक सूर्याकडे थेट डोळ्यांनी बघायच्या चष्म्यांसाठी आहे. लेन्ससमोर लावायच्या फिल्टरला ते लागूच होत नाही!

दुपारी ट्रायपॉड लावला. खऱ्या फिल्टरने एफ/८ (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ १०० (इथे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ला साधारण १/४०० सेकंदात सूर्याची तबकडी नीट येते. इथे १/८००० लाही नुसता पांढराफटक गोळा. फिल्टर काढून खिडकीकडे धरला, तर त्यातून समोरचं झाड आणि शेजाऱ्यांचं छप्पर दिसलं. खऱ्या सोलर फिल्टरमधून यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. प्रखर टॉर्च अगदी जवळ धरला तर मिणमिणता ठिपका, बस. मला पाठवलेली काच धबधब्यांच्या फोटोंसाठी वापरतात तसली एनडी १००० ची होती. रिंगवर दोन शून्यं जास्त कोरली होती, एवढंच.

म्हणजे शंभरपट जास्त प्रकाश. माझा कॅमेरा मिररलेस, म्हणजे चित्र पडद्यावर दाखवणारा, थेट प्रकाश डोळ्यात न आणणारा, म्हणून डोळा वाचला. डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याच्या, लेन्समधला प्रकाश थेट डोळ्यात आणणाऱ्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला कुणी डोळा लावला असता तर? रेटिना भाजताना दुखत नाही, कळतं ते नंतर. शिवाय साध्या एनडी काचेतून अवरक्त किरणही भरपूर येतात. पैसे लुबाडले याचा राग आहेच, पण लोकांच्या डोळ्यांशी हा खेळ चाललाय याची चीड त्याहून मोठी आहे.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर, “सेटिंग बदलून बघा.” दुसरं, “परत पाठवा, परदेशी कुरिअरचा खर्च तुमचा.” तिसरं आलंच नाही. खग्रास स्थितीत फिल्टर काढायचाच असतो, पण त्याआधीचा सव्वा तासाचा खंडग्रास भाग फिल्टरशिवाय टिपणं अशक्य. गावात फिल्टरचंच काम करणारी सोलर फिल्म कुठेच शिल्लक नव्हती. मंडळातल्या एका काकांकडे २०१७ च्या ग्रहणातला तुकडा निघाला. उजेडासमोर धरून कुठे बारीक भोक नाही ना ते पाहिलं, पुठ्ठ्याची रिंग केली आणि काम भागलं.

पैसे बँकेकडे तक्रार केल्यावर मिळाले. १/८००० चा आणि काकांच्या फिल्मने काढलेला १/४०० चा, असे दोन्ही फोटो जोडले होते, ते उपयोगी पडले. तुम्हीही असा पुरावा ठेवा.

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधल्या लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, आपल्याकडचे बरेच जण जाणार आहेत. फिल्टर उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची विश्वासू विक्रेत्यांची यादी आहे, ती बघा. आणि फिल्टर हातात आल्याच दिवशी तपासा, परतीची मुदत उलटायच्या आत. माझ्या विक्रेत्याचं पान गायब झालंय, पण तेच फोटो आणि तोच खोका नव्या नावाने पुन्हा विक्रीला आलेला मी पाहिलाय.