सेन्ना: शेवट माहीत असून जीव टांगणीला लावणारी डॉक्युमेंट्री

परवा रात्री जेवणं उरकल्यावर सहज लावली, म्हटलं अर्धी बघू नि झोपू, पण संपल्यावरही मी बराच वेळ तसाच बसून होतो. 2010 ची आहे, आसिफ कपाडियाने बनवलेली, ब्राझीलचा फॉर्म्युला वन रेसिंग ड्रायव्हर आयर्टन सेन्ना याच्यावर. या मोटार रेसिंगमधलं ओ की ठो कळत नसलं तरी बघा, माझ्या बायकोला त्यातलं काही कळत नाही, पण ती पाणी प्यायला आली ती शेजारी बसली नि उठलीच नाही.

सगळ्यात भारी म्हणजे कोणी खुर्चीत बसून आठवणी सांगत नाही. सगळं त्या काळातलंच शूटिंग, घरचे व्हिडिओ, ड्रायव्हर लोकांच्या मीटिंगा, आणि बोलणाऱ्यांचे नुसते आवाज. त्यामुळे आपण थेट 1984 च्या मोनॅकोत असतो, धो धो पाऊस, टोलमन टीमची साधी गाडी, आणि 13व्या नंबरावरून निघालेलं हे पोरगं एकेकाला मागे टाकत सगळ्यात पुढे असलेल्या फ्रेंच ड्रायव्हर प्रोस्टला गाठायला येतं नि तेवढ्यात रेसच थांबवतात.

1991 ची ब्राझीलमधल्या इंटरलागोसची रेस तर मी मागे घेऊन तीनदा बघितली. दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेला माणूस पण घरच्या मैदानावर कधी जिंकला नव्हता, आणि त्या दिवशी गिअर एकेक करत गेले, शेवटी नुसत्या सहाव्या गिअरवर गाडी ओढत आणली. जिंकल्यावर रेडिओवर जो ओरडतो ना, आनंदाने की कळवळून ते कळतच नाही. पोडियमवर ट्रॉफी वर उचलायला हातात त्राण नाही. अंगावर काटा आला.

एक पटलं नाही, प्रोस्टला जवळपास व्हिलन केलाय. 1989 ला जपानच्या सुझुकात दोघं धडकले तेव्हा सेन्नावर अन्याय झाला हे मान्य, पण 1990 ला तिथेच पहिल्या वळणावर सेन्नाने मुद्दाम गाडी घातली, ते फार सांभाळून घेतलंय.

आणि मग इटलीतलं इमोला, 1994. शुक्रवारी बॅरिकेलो या ड्रायव्हरचा अपघात, शनिवारी दुसरा ड्रायव्हर रात्झेनबर्गर अपघातात गेला. गॅरेजमध्ये स्क्रीनकडे बघणाऱ्या सेन्नाचा चेहरा कॅमेरा सोडत नाही, तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाहीये. फॉर्म्युला वनचे डॉक्टर सिड वॉटकिन्स त्याला म्हणतात सोड हे सगळं, चल मासे पकडायला जाऊ. आपण इकडे मनातल्या मनात म्हणतोय अरे ऐक ना त्यांचं, ऐक. रविवारी गाडीवरच्या कॅमेऱ्यातून त्याचा तो शेवटचा लॅप दाखवलाय, तांबुरेलोचं वळण येईपर्यंत बायकोने माझा हात घट्ट धरून ठेवलेला. 34 वर्षांचा होता फक्त.

पोर्तुगीज बोलणं बरंच आहे, सबटायटल भरभर जातात, म्हणून मोबाईलवर नको, टीव्हीवरच बघा. आणि अंत्ययात्रेनंतर लगेच बंद करू नका. सगळ्यात मजा कोणाशी रेस करताना आली असं त्याला विचारलेलं असतं, आणि तो नाव घेतो ते कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या गाड्यांच्या रेसिंगच्या दिवसांतल्या टेरी फुलर्टनचं.