कुपवाडचं दाखल्या-उताऱ्यांचं दुकान: पाचातले चार तारे

या दुकानात शिरल्यावर ‘काय काम आहे?’ असं कुणी विचारत नाही. ‘जागा कुठली?’ असं विचारतात. गावठाणातली, गुंठेवारीतली, एमआयडीसीतली, का शेजारच्या बामणोली गावच्या हद्दीतली? चारातलं एक उत्तर दिलंत की बसायला स्टूल मिळतं. उत्तर ठाऊक नसेल तर घरपट्टीची पावती मागून घेतात, पुढून-मागून बघतात आणि दुकान चालवणाऱ्या बाई उत्तर स्वतःच देऊन टाकतात.

मुख्य रस्त्यापासून जरा आत, एका शटरचं दुकान. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, भिंतीला फायलींचा रॅक. बोर्डावर पॅन कार्ड, लाईट बिल, पासपोर्ट फोटो वगैरे नेहमीची यादी आहे, पण ती कामं कुठल्याही कोपऱ्यावर होतात. मी लिहितोय ते जागेच्या कागदांबद्दल. चालवणाऱ्या बाईंना सगळे वैनी म्हणतात. नाव टाकू नका म्हणाल्या, आधीच उभं राहायला जागा नाही. म्हणून टाकत नाही.

माझं काम असं होतं: घर अजून वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आणि थोरल्या मुलाला वरचा मजला चढवायला बँकेचं कर्ज हवं. बँकेनं यादी हातात दिली. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, मंजूर नकाशा, घरपट्टी भरल्याची पावती. आमच्याकडं यातली फक्त पावती. बाकी एक पिवळा पडलेला स्टँप आणि त्यावर वडिलांचा अंगठा.

आता ज्यांचं सांगली-मिरजेच्या रस्त्यावरूनच येणं-जाणं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर वैनींच्या त्या पहिल्या प्रश्नाची किंमत कळायची नाही. पटवर्धनांची मिरज जुनी, सांगली संस्थान त्यातून १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेबांनी वेगळं काढलं. संस्थानं १९४८ ला विलीन झाली, पुढच्याच वर्षी दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला, आणि १९६० पासून त्याला सांगली म्हणायला लागले. या सगळ्यात कुपवाड म्हणजे मिरज तालुक्यातला एक माळ आणि त्याच्या कडेचं गाव. नदी लांब, जमीन मुरमाड. म्हणूनच कारखान्यांना बरी पडली. एमआयडीसी आली, तिच्या मागून जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडची माणसं आली. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात जत तालुक्यातून निघाले ते इथंच थांबले.

माणसं आली, पण त्यांनी राहायचं कुठं, याचा विचार कुणी केला नव्हता. मग शेतकऱ्यांनी शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली, हीच ती गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट; पगारदाराला तेवढंच झेपायचं. अडचण एकच. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतजमिनीचा एवढा बारका तुकडा विकताच येत नव्हता. त्यामुळं पैसे मोजले, ताबा घेतला, घर बांधलं, वास्तुशांत झाली, पण सातबाऱ्यावर एकतर मूळ मालकच राहिला, नाहीतर सगळ्या घेणाऱ्यांची नावं एकाखाली एक चढली. कुणाची जागा कुठली हे कागदाला माहीत नाही, फक्त शेजाऱ्याला माहीत. असं अर्धं कुपवाड वसलंय. सांगलीत शामरावनगरकडं जा, तिथंही हीच कथा, वर पावसाळ्यात साचणारं पाणी.

आणि मग ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली. सांगली आणि मिरजेच्या नगरपालिका जुन्या, आपापल्या तोऱ्यातल्या. त्यांच्या पंगतीला कुपवाडला बसवलं. नावात आम्ही तिसरे, आणि खरं सांगायचं तर पाण्याच्या लाईनीपासून ड्रेनेजपर्यंत सगळ्यातच तिसरे. मुख्यालय सांगलीत, कुपवाडला विभागीय कार्यालय. २०११ च्या जनगणनेत तिन्ही मिळून ५,०२,७९३ माणसं. महापालिका ‘ड’ म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातली. तरी महापालिका नको होती असं मी म्हणणार नाही. माळावर दिवाबत्ती आली, घंटागाडी आली. पण महापालिका आली म्हणून वडिलांचा पिवळा स्टँप काही खरेदीखत झाला नाही.

तर वैनींनी पावती बघितली आणि म्हणाल्या, “काका, घरपट्टी लागली म्हंजे घर कायदेशीर झालं असं न्हाई. पालिका कर घेणार, कारण तुम्ही राहताय. जागेचं वेगळं बघाय लागतं.” हे एक वाक्य मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत निम्मे लोक घरपट्टीची पावती देवाच्या फोटोमागं ठेवतात, तीच मालकी समजून.

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर काम तीन भागांत पाडून दिलं. घरपट्टीला नाव लावणं हे महापालिकेचं काम: मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणींची संमती. सातबाऱ्यावर वारसनोंद हे महसूलचं काम: तलाठ्याकडं अर्ज, फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकाऱ्याची सही. आणि जागा नियमित करणं हे गुंठेवारीचं काम, ते पुन्हा महापालिकेचं, पण टेबल दुसरं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ च्या आतल्याच जागा त्यात बसायच्या. २०२१ ला दुरुस्ती होऊन ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं आली. आमची जागा १९८९ ची, म्हणजे पहिल्या तारखेतसुद्धा बसत होती. वडिलांनी त्या वेळी फाईल का केली नाही? कारण प्रशमन शुल्क, म्हणजे जागा नियमित करून घ्यायची रक्कम, आणि विकास शुल्क भरायचं होतं, आणि कुणीतरी पारावर सांगितलं होतं की थांबा, पुढं माफ होणार आहे. माफ होणार आहे या एका अफवेवर कुपवाडात किती फायली अडल्यात ते वैनींच्या रॅककडं बघून कळतं.

इथं या दुकानाचं खरं कसब दिसतं. फॉर्म भरणारे ढीगभर आहेत. पण कुठलं काम आधी करायचं आणि कुठलं नंतर, हे सांगणारं माणूस मिळत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद नसताना गुंठेवारीची फाईल दिली तर त्रुटी निघते आणि फाईल परत येते. घरपट्टी थकली असेल तर ती आधी भरायची, कारण थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढत राहते आणि बाकी असताना दाखला कुणी देत नाही. वैनींनी माझ्या फाईलीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक, दोन, तीन असे आकडे टाकले आणि प्रत्येकासमोर अर्ज दिल्याची तारीख, मुदतीची तारीख. ही मुदत लोकसेवा हक्क कायद्यातली, २०१५ ची. “पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका,” हे त्या प्रत्येकाला सांगतात, अगदी रेशनकार्डवाल्यालाही.

मापाबद्दलही त्यांचं बरं वाटलं. नकाशा त्या स्वतः करत नाहीत, परवानाधारक इंजिनिअरकडं पाठवतात, आणि कुणाकडं जायचं ते तुम्हीच ठरवा म्हणतात. दुसरीकडं ‘आमचाच माणूस’ म्हणून गळ्यात मारतात.

शेजारी बसलेल्या एका कारखानदाराचं काम ऐकून आणखी एक उलगडा झाला. त्याचा शेड एमआयडीसीतला. तिथं जमीन विकत मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळते, आणि बांधकामाचा नकाशाही एमआयडीसीच मंजूर करते. मी त्याच एमआयडीसीत टर्नर म्हणून आयुष्य काढलं, लेथवर मायक्रॉनचा हिशोब ठेवला, पण ज्या जमिनीवर मशीन उभी होती ती मालकाची नाही हे मला वैनींच्या स्टुलावर बसून कळलं. आणि धाकटा भाऊ राहतो बामणोलीत. आमच्या घरापासून सायकलवर जाता येतं, पण ती ग्रामपंचायत. त्याला घरपट्टीचा उतारा हवा तर नमुना नंबर आठ, सही ग्रामसेवकाची. एकाच आईची दोन पोरं, दोघांची सरकारं वेगळी. भाऊ म्हणतो आमचंच बरं, ग्रामसेवक निदान तोंडओळखीचा असतो. यावर आमचं दिवाळीत भांडण होतं, ते इथं नको.

रहिवासी पुराव्याची एक गंमत त्यांनी सांगितली. पूर्वी नगरसेवकाच्या लेटरहेडवर चिठ्ठी आणली की बरीचशी कामं पुढं सरकायची. २० प्रभाग, ७८ नगरसेवक, त्यातला कुणीतरी लग्नात-मयतीत भेटायचाच. ऑगस्ट २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, आणि लोक माजी नगरसेवकांच्या जुन्या तारखेच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानात यायला लागले. वैनी त्या चिठ्ठ्या सरळ बाजूला ठेवायच्या आणि लाईट बिल मागायच्या. “प्रशासकाला कुठं लग्नाला बोलवताय?” असं म्हणून हसल्या. मला त्यात हसण्यासारखं कमी वाटलं. गटारीचं झाकण तुटलं तर दार ठोठावायला एक दार लागतं, आणि तेच दार नव्हतं.

आता पैशाचं. सही असलेला डिजिटल सातबारा काढायचा तर सरकारचे पंधरा रुपये, वर त्यांची प्रिंटची आकारणी. ती वाजवी आहे. मोठ्या फाईलीचे पैसे त्या टप्प्याटप्प्यानं घेतात, काम झाल्याशिवाय पुढचा हप्ता मागत नाहीत. मला सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. नातीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी दुसऱ्या एका ठिकाणाहून पाचशेचा बाँड घेऊन गेलो होतो. वैनींनी तो हातात धरून विचारलं, “ह्यो कशाला घेतलासा? दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप लागत न्हाई. साध्या कागदावर चालतंय.” आणि खरंच चाललं. उत्पन्न, जात, रहिवासी या दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, ते आजचं नाही, २००४ पासूनचं. स्टँप विकून दोन पैसे सुटले असते, तरी त्यांनी तो परत माझ्याच खिशात घातला. बाँड अजून घरात पडून आहे, कुणाला भाडेकरार करायचा असेल तर सांगा.

जुन्या घरांचे कागद मोडीत असतात, तेही इथं अडत नाहीत. वैनींना मोडी येत नाही, पण मिरजेतले एक निवृत्त गुरुजी त्यांच्या ओळखीचे आहेत. कागदाचा फोटो पाठवला की दोन-चार दिवसांत वाचून देतात. गावठाणातल्या आमच्या एका मित्राच्या वाड्याचा कागद असाच वाचून घेतला. त्यात भिंत सामाईक असल्याचं निघालं आणि त्याचा शेजाऱ्याशी चाललेला वाद मिटायच्या ऐवजी आणखी पेटला. यात दुकानाचा दोष नाही.

एक तारा का कापला ते सांगतो. दरपत्रक भिंतीवर लावलेलं नाही. वैनी तोंडी सांगतात, खोटं सांगत नाहीत, पण माणसाला विचारायला संकोच वाटतो; लावून टाका. झेरॉक्स फिकट येते, सातबाऱ्यावरचा क्यूआर कोड पुसट निघाला तर बँकवाले नाक मुरडतात. जो मुलगा हाताखाली आहे तो प्रत्येक कागद लॅमिनेट करू का विचारतो. मूळ कागद लॅमिनेट अजिबात करू नका, पुढं त्यावर शेरा मारायचा झाला तर मारता येत नाही. आणि दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धं खाली असतं. आत वैनी असतात, पण डबा खात असतात, तेव्हा वाकून आत डोकावू नये. गाडी लावायला जागा नाही, ते मात्र कुपवाडच्या खात्यावर.

पावसाळ्यात गर्दी दुप्पट असते, कारण पूर आला की वरच्या अंगाला जागा बघणारे येतात. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. तेव्हापासून सांगलीच्या गावभागातले लोक ‘कुपवाडला पाणी येत नाही ना?’ विचारत येतात आणि गुंठेवारीतलीच जागा स्वस्त म्हणून धरायला बघतात. वैनी त्यांना ३१ डिसेंबर २०२० ही तारीख सांगतात आणि त्यानंतर पाडलेल्या तुकड्याच्या वाटेला जाऊ नका म्हणतात. काहीजण ऐकतात. काहीजण पारावर जातात.

माझं काम कुठवर आलं, तर घरपट्टीला आमची तिन्ही भावंडांची नावं लागली, फेरफार मंजूर झाला, गुंठेवारीची फाईल इंजिनिअरच्या नकाशासकट दाखल आहे आणि पोच माझ्याकडं आहे. जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आत जावं. बरोबर घरपट्टीची शेवटची पावती, आधार, मिळेल तो जुना कागद, कितीही फाटका असला तरी, आणि वडील-आजोबांचं नाव कागदोपत्री जसं आहे तसं लिहून न्यावं. बामणोलीवाल्यांनी नमुना आठ न्यावा. तो नसेल तर स्टूल मिळतं, काम मिळत नाही.