राज्य बेरोजगारी विम्याची सेवा: अर्ज, दर आठवड्याची माहिती आणि अपील

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझी नोकरी गेली आणि तिसऱ्या दिवशी मी आमच्या राज्याच्या बेरोजगारी विमा कार्यालयाकडे क्लेम दाखल केला. त्यानंतरचे चार महिने मी या सेवेवर अवलंबून होते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम थोडे वेगळे असले, तरी मूळ चौकट एकच असल्यामुळे माझा अनुभव इतरांच्याही उपयोगी पडेल, असे वाटते.

आपल्यापैकी पुष्कळ जण हा भत्ता म्हणजे हात पसरणे समजून अर्जच करत नाहीत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून उभी राहिलेली ही विमा योजना आहे. तिचा हप्ता कंपन्या कराच्या रूपाने भरतात, आणि अलास्का, न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत तर कामगारांच्या पगारातूनही वाटा कापला जातो. स्वतःची चूक नसताना काम गेलेल्या माणसाचा हा हक्क आहे. मात्र एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी आधी वकिलाला विचारावे, कारण भत्त्यासाठी लगेच दुसरे काम धरायला कायद्याने मोकळे असावे लागते.

ऑनलाइन अर्जाला दोन तास लागले. मागच्या दीड वर्षातील मालकांची नावे, पत्ते, तारखा आणि कपातीपूर्वीचा पगार हाताशी असेल, तर अडचण येत नाही. माझे नुकसान वेगळ्याच ठिकाणी झाले. भत्त्याची रक्कम ठरवताना सहसा पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चारच धरतात. माझा पगार ऑक्टोबरमध्ये वाढला होता. मार्चमध्ये अर्ज केल्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरची तिमाही हिशेबाबाहेर राहिली, आणि एप्रिल उजाडेपर्यंत थांबले असते तर तीच तिमाही धरली गेली असती. थांबण्यात मधल्या आठवड्याचा भत्ता बुडतो, त्यामुळे हा हिशेब ज्याने त्याने मांडावा लागतो. पण अर्ज पाठवण्यापूर्वी संकेतस्थळाने तो दाखवायला हवा होता, आणि तो कुठेही दिसला नाही.

दर आठवड्याची माहिती भरणे मात्र अगदी सोपे आहे. काम करण्यास सक्षम होता का, काम नाकारले का, कुठे कुठे अर्ज केले, काही कमाई झाली का, एवढेच प्रश्न असतात आणि पाच मिनिटांत फॉर्म पूर्ण होतो. यातल्या शेवटच्या प्रश्नानेच माझा घात केला. जूनमध्ये मी एका गोदामात दोन दिवस मालाची मोजदाद केली. त्याचे पैसे पंधरा दिवसांनी मिळाले, म्हणून ते मिळालेल्या आठवड्यात मी ती कमाई दाखवली. नियम असा आहे, की काम ज्या आठवड्यात केले त्याच आठवड्यात, कपातीपूर्वीची रक्कम दाखवायची. तीन आठवड्यांनी पत्र आले: जादा रक्कम परत करावी, आणि माहिती मुद्दाम दडवली असावी असा संशय. फसवणूक ठरली, तर त्या रकमेवर किमान १५ टक्के दंड बसतो. पुढचे पैसेही अडकले.

हे पत्र खात्याच्या ऑनलाइन पेटीत आले होते आणि ईमेलमध्ये ‘नवा संदेश आहे’ एवढेच लिहिलेले होते. अपिलाची मुदत पत्राच्या तारखेपासून मोजतात. मी ते उघडले तेव्हा तिच्यातले सहा दिवस संपले होते. फोनवर तासभर होल्डवर थांबल्यावर दोनदा लाइन तुटली. दूरध्वनी सेवेबद्दल चांगले लिहावे असे माझ्याकडे काही नाही.

अपिलाची सुनावणी हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग ठरला. ती फोनवरच झाली. मी गोदामाची पगार चिठ्ठी आणि हजेरीची नोंद आधीच पाठवली होती. सुनावणी अधिकाऱ्यांनी चाळीस मिनिटे शांतपणे ऐकून घेतले, तारखा एकेक करून विचारल्या, आणि मला इंग्रजीत नेमका शब्द सुचेना तेव्हा थांबूनही घेतले. त्या एका आठवड्याची जादा रक्कम परत करावी लागली, ते योग्यच होते. पण फसवणुकीचा ठपका आणि दंड दोन्ही रद्द झाले. अपील चालू असताना मी दर आठवड्याचा फॉर्म भरणे सोडले नव्हते, म्हणूनच अडकलेल्या पाच आठवड्यांचे पैसे निकालानंतर एकदम खात्यात जमा झाले. फॉर्म चुकवला असता, तर अपील जिंकूनही ते आठवडे हातचे गेले असते.

या भत्त्यावर केंद्राचा आयकर लागतो. अर्जातच १० टक्के कापून घेण्याचा पर्याय असतो. तो मी घेतला होता, म्हणून पुढे कराच्या वेळी ओढाताण झाली नाही. बहुतेक राज्यांत भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो, काही राज्यांत त्याहून कमी. मला सतराव्या आठवड्यात नोकरी लागली.

कार्यालयाकडे माझी एकच मागणी आहे: कमाईच्या प्रश्नाखाली ‘पैसे मिळाले तो नव्हे, काम केले तो आठवडा’ ही एक ओळ छापावी.