बारा वर्षांची व्हिस्की घ्यावी की बिनआकड्याची?

एकाच डिस्टिलरीच्या दोन बाटल्या: एकीवर '12' हे वय, दुसरीवर नुसतं भारदस्त नाव. किमतीत फारसा फरक नाही. (नाव गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, ठेवलं की किंमत वाढते, वय नाही.)

बिनआकड्याच्या बाटल्या इतक्या वाढल्या त्या मागणीमुळे. आज लागणारा बारा वर्षांचा माल बारा वर्षांपूर्वीच पिंपात भरलेला असावा लागतो. जपानमध्ये हा हिशेब फारच चुकला: 2015 मध्ये निक्का कंपनीने योइची आणि मियागिक्यो या आपल्या डिस्टिलरींच्या वयवाल्या बाटल्या बंद केल्या, 2018 मध्ये सनटोरी कंपनीने हाकुशू 12 आणि हिबिकी 17 ची विक्री थांबवली.

आकडा फक्त बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो. पिंप तिसऱ्या-चौथ्यांदा भरलेलं असेल, तर बारा वर्षं मुरूनही माल फिका राहतो. शिवाय साठा मुबलक असला की '12' मध्ये त्याहून जुनी व्हिस्कीही मिसळणं परवडतं. टंचाईत ते आधी बंद होतं.

बिनआकड्याच्या स्कॉचला किमान 3 वर्षं पुरतात. कोवळेपणा झाकायला ताज्या ओकच्या (पिंपाच्या लाकडाच्या) चवीचा मारा होतो. वासाला व्हॅनिला, खोबरं; घोट घेतला की कच्चं धान्य, जिभेला टोचणारा अल्कोहोल, आणि चव लगेच संपते. लहान पिंपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणून ओक झपाट्याने उतरतो. पण हवेशी होणारी संथ प्रक्रिया घाईत उरकत नाही.

तरी स्कॉटलंडच्या लाफ्रॉइग डिस्टिलरीची क्वार्टर कास्क बघा. वय लिहिलेलं नाही, मुरण्याचा शेवटचा टप्पा सुमारे 125 लिटरच्या पिंपात, पण 48 टक्के अल्कोहोल आणि चिल-फिल्टर न केलेली, म्हणजे थंड करून न गाळलेली. त्यांच्याच 40 टक्क्यांच्या, बिनआकड्याच्या सिलेक्टपेक्षा ती कितीतरी भरीव लागते. दोन्हींत निवडायची तर क्वार्टर कास्कच. मधली, सौम्य वाट हवी असेल तर 10 वर्षांची.

गोव्याच्या पॉल जॉन व्हिस्कीला हा आकड्याचा निकष लावूच नका. तिथल्या उष्म्यात वर्षाला सुमारे 8 टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये साधारण 2. बारा वर्षं थांबलं तर पिंपात उरणार किती? त्यांच्या ब्रिलियन्स, एडिटेड, बोल्ड तिन्ही 46 टक्के, चिल-फिल्टर न केलेल्या.

दुकानात लेबल वाचताना आधी टक्के बघा. 46 च्या खाली व्हिस्की थंड झाली की गढूळ दिसू शकते, म्हणून ती बऱ्याचदा थंड करून गाळतात. त्यात तेलकट, जड भागही निघून जातो. बिनआकड्याची, 40 टक्के आणि पिंपाबद्दल एक शब्दही नाही, तर सोडा. शेरी (स्पॅनिश वाइन) मुरलेल्या पिंपाची आवडत असेल तर मात्र आकडा बघूनच घ्या: ग्लेनफार्क्लास 15, 46 टक्के, रंग न मिसळलेली.