१६ फुटी कयाक पिकअपवर: टी-एक्स्टेंडर नको, केबिनवरची फ्रेम घ्या

ऑनलाइन मिळणारा टी आकाराचा बेड एक्स्टेंडर पाहिला की वाटतं, ट्रेलरचा खर्च वाचला. मागच्या हिचमध्ये (ट्रेलर जोडायच्या जागी) खोचायचा, फाळका पाडायचा आणि कयाकची (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लांबट होडीची) शेपटी त्याच्या आडव्या दांड्यावर टेकवायची. ८-१० फुटी कयाकला हे चालून जातं. १६ फुटी, म्हणजे ४.८८ मीटरच्या टूरिंग (लांब पल्ल्याच्या) कयाकसाठी ही वस्तू घेऊच नये.

पहिली अडचण बसवण्याचीच. एक्स्टेंडरला दोन इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे तो खोचायची हिचची पोकळ नळी, लागते आणि इथल्या बहुतेक पिकअपना ती कंपनीकडून येत नाही. ती वेगळी बसवून घेतली तरी हिशेब जुळत नाही. डबल केबिन गाडीचा हौदा दीड मीटरच्या आसपास असतो. कयाक केबिनला टेकवून ठेवली तरी ३.४ मीटर बाहेर राहते. एक्स्टेंडरचा आधार त्यातल्या सव्वा मीटरपर्यंतच पोहोचतो, पुढे दोन मीटरहून जास्त शेपटी अधांतरी. प्रत्येक गतिरोधकाला ती वरखाली आपटते आणि सगळा ताण हिचच्या जोडावर येतो. शिवाय परवानगीच्या मर्यादेबाहेर माल आला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे. लाल फडकं बांधल्याने तो टळत नाही.

त्यापेक्षा एमआयडीसीतल्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडून हौद्यावर फ्रेम करून घ्यावी. ४० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. ६ मीटरच्या दोन नगांत चार खांब, दोन आडवे पाइप आणि तिरके टेके निघतात. हा पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो, म्हणजे फ्रेम पंचवीस-तीस किलोच्या आसपास होते आणि दोघांना सहज उतरवता येते. हौद्याला वेल्ड करू नये. ८ मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या, बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट वापरावेत, साधे नट धक्क्यांनी ढिले होतात.

खरी मेख पुढच्या आडव्या पाइपाच्या जागेत आहे, आणि फॅब्रिकेटर नेमका तिथेच चुकतो. तो पाइप केबिनच्या लगेच मागे लावतो. सिंगल केबिन गाडीच्या पावणेतीन मीटरच्या हौद्यात मागचा पाइप शेवटापासून ३० सेंमी आत आहे असं धरा. शेपटी हौद्याच्या कडेशी ठेवली तर कयाकचा मध्य शेवटापासून २.४४ मीटरवर, म्हणजे पुढच्या पाइपाच्या जेमतेम फूटभर मागे येतो. मग नाक जड होतं आणि जोरात ब्रेक लागला की बोनेटवर झुकतं. म्हणून पुढचा पाइप केबिनच्या वरून ७० सेंमी पुढे काढून घ्यावा, खालून तिरका टेका द्यावा आणि टपाच्या पत्र्यापासून निदान ५ सेंमी अंतर सोडावं. आता मध्य दोन आधारांच्या बऱ्यापैकी आत येतो, शेपटी बाहेर येत नाही, आणि नाकही पुढच्या बंपरच्या आतच राहतं. डबल केबिन गाडीत हौदा आखूड असल्याने हे मोजमाप नव्याने करावं लागेल, पण तत्त्व तेच: मागे लांबवायचं नाही, पुढे सरकवायचं.

बांधणीला रॅचेट (दांडा मागेपुढे करून आवळायचे) पट्टे नकोत. दाब कळत नाही आणि पॉलिथिलीनची कयाक चेपते. २५ मिमीचे कॅम बकलचे (दात्यांच्या बकलात पट्टा अडकवायचे) दोन पट्टे घ्यावेत, आडव्या पाइपाखालून फिरवून हाताने ओढावेत. मोकळ्या भागाला अर्धा पीळ दिला की वाऱ्यात गुणगुण होत नाही. कयाक पालथी ठेवावी, म्हणजे भार कडेच्या कठीण भागावर येतो. पाइपांवर रबर हवंच. नाकाला आणि शेपटीला वेगळी दोरी बांधायला विसरू नये, सोलापूर-पुणे महामार्गावर आडवा वारा खेचतो तेव्हा ती पट्ट्यांइतकीच कामाला येते.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, त्या उन्हात प्लास्टिक मऊ पडतं आणि पट्ट्याच्या जागी खड्डा उरतो. उजनीला निघायचं तर पहाटे निघावं. पहिल्या १५ किलोमीटरवर थांबून पट्टे तपासावेत, परत बांधताना तेवढेच ओढावेत. थांबा लांबला तर गाडी सावलीत लावून पट्टे जरा ढिले करावेत. हवाबंद हॅचचं (कयाकमधल्या सामानाच्या कप्प्याचं) झाकणही किंचित उघडून ठेवावं, आतली तापलेली हवा फुगली की सील उचलला जातो.