गोल्डफिशच्या उपचारांच्या नावाखाली ११,४९९ रुपये उकळणाऱ्या ‘फिश डॉक्टर’पासून सावध राहा

हिशेब आधी लिहिते. ‘व्हिडिओ तपासणी’ ४९९ रुपये, ‘इम्पोर्टेड परजीवी किट’ २,८५०, ‘बॅक्टेरिया कोर्स’ ३,६००, बर्फात पॅक करून पाठवण्याचं कुरिअर ३५०, आणि इंजेक्शनची अनामत ४,२००. ही अनामत ‘मासा बरा झाला की लगेच परत’ मिळणार होती. एकूण ११,४९९ रुपये. इंजेक्शन आलंच नाही. ओरँडा आणि र्‍युकिन या गोल्डफिशच्याच जाती. दोन ओरँडा मेले. एक र्‍युकिन वाचला, तोही शेपटी झडलेल्या अवस्थेत.

मी गोल्डफिश गेली कित्येक वर्षं पाळते. बाजारातून बरणीत मासा आणून बिस्किटं खायला घालणाऱ्यांतली मी नाही. तीन फुटी टाकी, सुमारे १५० लिटर पाणी, चांगला फिल्टर, आठवड्याला ठरलेलं पाणी बदलणं. हे मुद्दाम सांगते, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिला प्रश्न हाच केला, “अहो, तुम्हाला कळलं कसं नाही?” आपल्याला कळणार नाही अशा बेताने हे लोक बोलतात, म्हणून कळलं नाही.

फेब्रुवारीचा शेवट होता. मोठा ओरँडा दुसऱ्याच्या मागे सारखा पळत होता, त्याला ढुशा देत होता, आणि त्याच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके आले होते. पांढरे ठिपके म्हटले की गोल्डफिशवाल्याच्या पोटात गोळा येतो. व्हाइट स्पॉट, म्हणजे इच, वेळेत आवरला नाही तर अख्खी टाकी साफ करतो. आमच्या भागातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला तर “आम्ही मासे बघत नाही” एवढंच उत्तर. रात्रीचे दहा वाजलेले. अशा वेळी ‘फिश डॉक्टर, २४ तास सेवा’ असा नंबर समोर आला. माणूस गोड बोलणारा. “ताई, घाबरू नका, तुमचा मासा मी वाचवतो.”

४९९ भरले. त्याने व्हिडिओ कॉलवर मासा पाहिला आणि अर्ध्या तासात मला मायक्रोस्कोपचा फोटो पाठवला. गोल, केसाळ जीव, आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. खाली लिहिलेलं, ‘तुमच्या माशाचा रिपोर्ट. परजीवी खूप पसरलेत.’ फोटो खऱ्या इचचाच होता, ते नालेसारखं केंद्रक हीच त्याची ओळख.

पण माझा मासा माझ्या टाकीत होता! त्याच्या अंगावरचा चिकट थर कुणी खरवडला नव्हता, काचपट्टी कुणी केली नव्हती, पाण्याचा एक थेंबही घराबाहेर गेला नव्हता. मग या माणसाच्या मायक्रोस्कोपखाली आलं काय? हा प्रश्न त्या रात्री माझ्या डोक्यात आला नाही आणि आता तो डोक्यातून जात नाही. समोर मासा तडफडून मरेल या भीतीने बसलेल्या माणसाला रिपोर्ट दिसला की तो रिपोर्टच वाचतो, रिपोर्ट आला कुठून हे विचारत नाही. त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं. व्हिडिओ कॉलवर परजीवीचं निदान होत नाही. खरवड काढून, ओली असतानाच मायक्रोस्कोपखाली पाहावी लागते.

आणि आता सर्वांत संताप आणणारी गोष्ट. माझा मासा आजारी नव्हताच. नर गोल्डफिशला विणीच्या हंगामात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावर बारीक पांढरे, खरखरीत दाणे येतात. दोन्ही बाजूंना, ओळीत, आणि हंगाम संपला की आपोआप जातात. मादीच्या मागे लागणं, तिला ढुशा देणं हे त्याच हंगामाचं लक्षण. इचचे ठिपके असे जागा धरून बसत नाहीत. ते अंगावर, पाठीवर, शेपटीवर कुठेही मिठाचे कण भुरभुरल्यागत पसरतात. मासे विकणाऱ्या आणि स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याने व्हिडिओत मला मुद्दाम कॅमेरा कल्ल्यापाशी न्यायला लावला, शेपटी दाखवायला सांगितलंच नाही. “बघा ताई, खाज सुटलीय म्हणून दुसऱ्याला घासतोय,” असं म्हणाला.

किट आलं. एक निळी बाटली आणि पांढऱ्या पुड्यांची पाकिटं. लेबलवर कुठलीशी परदेशी अक्षरं, घटकांचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. त्याने डोस सांगितला, “एक झाकण आणि एक पुडी.” टाकी किती लिटरची हे विचारलंच नाही. नव्या लोकांनी हे लिहून ठेवा. लिटर न विचारता जो डोस सांगतो, त्याला एक रुपया देऊ नका. “परजीवी, कृमी, बुरशी, बॅक्टेरिया, सगळ्यांवर एकच औषध,” असं कुणी म्हणालं तरीही देऊ नका. इच हा एकपेशी जीव, कल्ल्यांतला फ्लूक हा चपटा कृमी, अँकर वर्म आणि माशाची ऊ हे कवचधारी, कोळंबीच्या कुळातले. फ्लूकवर प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध चालतं, इचवर ते चालत नाही. अँकर वर्म नुसत्या डोळ्यांना दोऱ्यासारखा लटकताना दिसतो. सगळ्यांना एकच बाटली पुरत नाही.

‘चोवीस तासांत ठिपके गायब’ हेही खोटं. इच माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा औषध त्याला शिवत नाही. तो गळून पडतो, तळाशी गाठ करतो, तिच्यातून शेकडो पिल्लं सुटतात, आणि ती पाण्यात पोहत असतात तेवढ्यातच मरतात. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंडीत कितीतरी जास्त वेळ घेतं. म्हणून खरा उपचार ठिपके गेल्यावरही चालू ठेवावा लागतो.

त्याने आणखी एक सांगितलं, आणि माझे मासे त्यानेच मारले. “फिल्टरचा स्पंज उकळून घ्या, त्यात परजीवी लपलेत.” फिल्टरमध्ये माशांचा अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू राहतात. ते उकळून मेले. उरलेले निळ्या औषधाने मारले. चांगल्या टाकीत अमोनिया शून्य असायला हवा, माझ्या थेंबांच्या टेस्ट किटवर तो २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅम) रंगाला गेला. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, कल्ले लालभडक झाले. मी त्याला फोटो पाठवले. उत्तर काय? “ताई, आता बॅक्टेरिया लागलाय. कोर्स घ्यावा लागेल.” अमोनियाबद्दल चकार शब्द नाही. आणि खरोखरच तोवर बॅक्टेरिया लागला होता! एरोमोनाससारखे जिवाणू पाण्यात असतातच, मासा खचला की ते उठतात. निरोगी माशाला आजारी म्हणाला, त्याच्याच औषधांनी आजारी पाडलं, आणि मग त्या आजाराचे वेगळे ३,६०० घेतले.

त्या वेळी थांबायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. दोन मासे डोळ्यांसमोर श्वास घेण्यासाठी झगडत होते आणि ज्याच्याकडे विचारावं असा तो एकच माणूस फोन उचलत होता.

बॅक्टेरियाच्या कोर्समध्ये पिवळी पावडर आली. लेबलचा कोपरा पाण्याने सुटला तेव्हा खाली दुसरं लेबल दिसलं. कोंबड्यांना देण्याची ऑक्सिटेट्रासायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक), आणि तिच्यावर छापलेली किंमत ९० रुपये. टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं, मग पाण्यात टाकून फारसा उपयोग होत नाही. आमच्या सोसायटीत टँकरचं, बोअरचं पाणी. पाणी तपकिरी झालं, वर फेस आला. मोठ्या ओरँडाचं पोट फुगलं, खवले उभे राहिले, वरून तो फणसासारखा दिसायला लागला. ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साचणं. मग इंजेक्शन, अनामत ४,२००, आणि पैसे गेले त्या दुपारपासून नंबर ब्लॉक.

माझा मावसभाऊ ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याने पांढऱ्या पुडीच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, दह्यासारखा पांढरा साका बसला, आणि ज्योतीत पिवळा रंग आला. मीठ. साधं मीठ. सगळ्या पुड्या मिळून १०० ग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीत लिटरला पाऊण ग्रॅमही नाही. इचसाठी मिठाचा उपाय करतात तो लिटरला साधारण ३ ग्रॅमचा. निळं द्रावण ग्लुकोज आणि अल्कलीत ठेवलं की रंगहीन झालं, हलवलं की पुन्हा निळं. मेथिलिन ब्ल्यू हा निळा रंग असं वागतो. दोन्ही मिळून शंभर-दीडशे रुपयांचा माल.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले. ड्युटीवरच्या माणसाने शेजारच्याला हाक मारली, “अरे, यांचा मासा मेलाय,” आणि दोघं हसले. मग, “मॅडम, पापलेट घ्या, एवढ्यात चार किलो येईल.” मग, “नंबर दुसऱ्या राज्यातला आहे, आमची हद्द नाही.” भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी दखलपात्र माहिती घ्यायची. हे मी त्यांना कागदावर दाखवलं. “साहेब आल्यावर या,” म्हणाले. साहेब कधी भेटलेच नाहीत. अर्जाची पोच मागितली तर शिक्का संपलाय!

बँकेत गेले. “पिन तुम्हीच टाकलात, मग फसवणूक कशी?” औषधांच्या कार्यालयात गेले. तिथे सांगितलं, “माशांचं औषध आमच्याकडे येत नाही, पशुसंवर्धनात जा.” पशुसंवर्धनवाले म्हणाले, मत्स्यव्यवसायात जा. मत्स्यव्यवसायवाले म्हणाले, आम्ही खायच्या माशांचं बघतो. १९४० च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यात ‘औषध’ या शब्दात प्राण्यांसाठीची औषधंही येतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव म्हणजे प्राणी. मग मासा नेमका कुणाचा? एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर मला फिरवत राहिले, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, “मासा कितीला घेतला होता?” कितीलाही घेतलेला असो. ११,४९९ रुपये चोरले ते माशाने नाही, माणसाने.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तिथली पोच आणि नंबर जपा, नंतर पोलीस ठाण्यात तोच कागद उपयोगी पडतो. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझी तक्रार तयार आहे, अडलंय ते समोरच्याच्या पत्त्यावर. पैसे ज्या नावावर गेले ते नाव आणि चॅटवरचं नाव वेगळं. तुम्ही पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा.

मासा धापा टाकत असेल तर रात्री औषध शोधू नका. आधी अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) तपासा, क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने निम्मी टाकी बदला, एअर पंप वाढवा. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धुऊ नका, उकळू तर मुळीच नका. माशांच्या रोगांचं शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावला, उदगीरला आणि नागपूरला मत्स्य महाविद्यालयं. तिथल्या कुणा जाणकाराचा नंबर मासे निरोगी असतानाच मिळवून ठेवा.

तो माणूस आता दुसऱ्या नंबरावरून तोच मायक्रोस्कोपचा फोटो लोकांना पाठवतोय. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना त्यांच्या ‘ब्लॅक मूर’ या काळ्या गोल्डफिशचा रिपोर्ट म्हणून आला. तोच फोटो, डाव्या कोपऱ्यात तोच हवेचा बुडबुडा. तुमच्याकडे असा फोटो आला असेल तर तो पुसू नका. चॅट, पैशाची पावती आणि पार्सलवरचं पाठवणाऱ्याचं लेबल, त्यावरचा पिनकोड दिसेल असं, जपून ठेवा. आम्हा दोघींच्या पार्सलांवरचे पिनकोड वेगवेगळे आहेत. तिसऱ्या-चौथ्या पार्सलावर एखादा पिनकोड पुन्हा आला, तर माझ्या तक्रारीत रिकामी राहिलेली पत्त्याची ओळ भरता येईल.