ओढ्याकाठच्या मुक्कामाला तंबू की हॅमॉक?

भाचा डिसेंबरात नागपूरहून पेंचकडे निघालाय. ओढ्याकाठच्या पायवाटेनं चालायचं, एक रात्र मुक्काम. तंबू घ्यावा की हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना पट्ट्यांनी बांधायचा कापडी झोपाळा, इथं त्याचं अडलंय. वाघाचं रान आहे, त्यामुळे परवानगीच्या जागीच मुक्काम, हे आधी.

वजनात हॅमॉक सरस: पट्ट्यांसकट किलोभर. दोघांचा साधा तंबू 2-3 किलो भरतो. शिवाय ओढ्याकाठी सपाट, कोरडी जागा शोधता शोधता अंधार पडतो; हॅमॉकला 12-15 फुटांवरचे दोन दणकट साग पुरतात.

पण थंडी! आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. हॅमॉकमध्ये अंगाखालची स्लीपिंग बॅग दबते, तिच्यातली हवा निघून जाते अन् पहाटे तीनला पाठ गारठून जाग येते. मी हे भोगलंय. खाली फोमची मॅट हवीच. तंबूत ऊब टिकते, मात्र पाण्याजवळ आतून कापडावर थेंब साचतात. जाळी थोडी उघडी ठेवावी.

टिकण्याचं म्हणाल तर तंबूची आधी चेन जाते, हॅमॉकला बाभळीचा एक काटा पुरतो.

एकट्यानं, फेब्रुवारी-मार्चमध्ये जायचं तर हॅमॉक. डिसेंबरात, सोबत कुणी असेल तर तंबूच. तोही पात्रात नाही, वरच्या अंगाला.